पलीकडच्या कोनाड्यातला कागद

तुम्ही स्पेनला जाऊन आला आहात ना? मग एक सांगा — तिथं काढलेल्या हजारभर फोटोंपैकी तुमचं स्वतःचं तोंड नसलेले किती आहेत?

रागावू नका. प्रश्न टोमणा म्हणूनच विचारलाय, पण उत्तर मला खरोखर हवं आहे. का, ते शेवटी सांगते.

या सदरात मी लिहीन असं कुणी तीन वर्षांपूर्वी म्हणालं असतं, तर मी त्याच्या हातात अंधश्रद्धेविरुद्धचं एक पत्रक ठेवलं असतं. इथले अनुभव मी नियमित वाचते आणि नियमित हसते. सगळ्यांची भुतं अमावस्येलाच येतात, गाडी नेमकी वळणावर बंद पडते, आणि 'नंतर चौकशी केल्यावर कळतं' की त्या बाईला जाऊन दहा वर्षं झाली. चौकशी कुणाकडे केली, ते कधीच लिहिलेलं नसतं. माझा अनुभव भर दुपारचा आहे. लख्ख ऊन होतं, शंभरेक माणसं आसपास होती, आणि मला सडकून भूक लागली होती. भीती वगैरे काही वाटली नाही.

आम्ही मूळ अकोल्याचे, बौद्ध. मी नऊ वर्षांची असताना बाबा नोकरीसाठी न्यूझीलंडला आले आणि ऑकलंडच्या दक्षिणेला मनुरेव्यात आम्ही घर केलं. बाबा इलेक्ट्रिकल ड्राफ्ट्समन. सोमवार ते शुक्रवार इमारतींच्या वायरिंगचे आराखडे, रविवारी पत्रकं. शेजारची मुलं टॉग्ज, म्हणजे पोहायचे कपडे, घालून बीचवर जायची, तेव्हा आई, बाबा आणि मी जेवणाच्या टेबलावर घड्या घालत बसायचो. अंगात येणं, राहुकाळ, ग्रहशांती, लिंबू-मिरची — एकेका विषयावर एकेक कागद, आणि प्रत्येकाच्या तळाशी बाबांची तीच ओळ : 'पटलं नाही तर भांडा, पण वाचा.'

घडी बाबांची स्वतःची होती. कागदाच्या तीन घड्या, खालचे दोन्ही कोपरे आत. तसा दुमडला की तो आडवा पडत नाही, तंबूसारखा उभा राहतो. "पडलेला कागद कचरा असतो," बाबा म्हणायचे, "उभा कागद माणसाकडे बघतो." दवाखान्यात, बसच्या सीटवर, ऑकलंडमधल्याच सँडरिंगहॅमच्या मिठाईच्या दुकानात काउंटरवर — सगळीकडे आमचे तंबू. नियम एकच. ठेवलेलं पत्रक परत घ्यायचं नाही. आपल्याला कुठं दिसलं तर वाचायचं आणि होतं तसं उभं करायचं. ते पुढच्या माणसाचं असतं.

आणि स्पेन. मी लहान असताना बाबांनी संत्र्यात आईची विणायची सुई खुपसून दाखवली होती. "ही आपली मागची दोरी, जिथं कपडे वाळत घालतो. इथून सरळ खाली गेलं की पलीकडे स्पेन. दक्षिण स्पेन, ऑलिव्हच्या बागा." मी नकाशावर तपासलं, तर खरंच होतं. रिटायर झाल्यावर आपण तिथं जाऊन उभं राहायचं, असं त्यांनी आईला कबूल केलं होतं.

२०१५ च्या ऑगस्टमध्ये बाबा गेले. आजारपणात त्यांनी शेवटचं पत्रक हातानं लिहिलं : 'मी मेल्यावर काय करू नये'. सात मुद्दे. कावळा नको, तेरावा नको, फोटोला हार नको, माझ्या नावानं पान वाढून ठेवायचं नाही, वगैरे. ऑफिसच्या जुन्या कागदाच्या पाठीवर लिहिलं होतं. दुसऱ्या बाजूला आमच्याच स्वयंपाकघरातल्या प्लगचा त्यांनी पेन्सिलीनं काढलेला आराखडा. प्रत एकच. छापायचं राहून गेलं.

ती प्रत आईनं घडी घालून त्यांच्या शर्टाच्या खिशात ठेवली. मी तिथंच भांडले.

"आई, हेही कर्मकांडच आहे."

"असेल. रिकाम्या खिशानं बाहेर पडायची त्यांना सवय नव्हती."

शवपेटीचं झाकण मी लावलं, आणि ती बंद पेटी तशीच दाहिनीत गेली. लावण्याआधी खिशावरून हात फिरवला, आत कागद वाजला. हे लक्षात ठेवा.

दोन वर्षांनी आईला सँडरिंगहॅमच्या त्याच दुकानात एक जाहिरात दिसली : मराठी माणसासाठी खास स्पेन. बार्सिलोना, पाल्मा, सेव्हिल, मालागा. रोज एक वेळ वरण-भात. चालवणारा मकरंद — क्राइस्टचर्चला रिकार्टनमध्ये राहतो, शिकायला आला होता, आता घरं विकतो आणि उरलेल्या वेळात माणसं फिरवतो. आईनं नाव नोंदवूनच मला सांगितलं. ती एकटी गेली नसती, म्हणून मी गेले. आम्ही दोघी सोडून अकरा जण. मी जाहीर केलं की मी एकही फोटो काढणार नाही. डोळे आहेत, तेवढे पुरे. किती शहाणी होते मी!

त्या सहलीबद्दल माझं मत तुम्हाला कळलंच असेल. बार्सिलोनात शंभरहून जास्त वर्षं बांधकाम चालू असलेल्या चर्चसमोर माना वर करून सगळे उभे, आणि सँडरिंगहॅमच्या नीलाकाकू म्हणाल्या, "एवढी वर्षं? मग आमच्या पुण्याच्या सोसायटीची लिफ्ट बरी की." आतल्या रंगीत उजेडात अकरा जणांनी साठ फोटो काढले, साठही स्वतःचे. पुढे पाल्मा — मायोर्का नावाच्या बेटावरचं शहर. युरोपातले लोक तिथं उन्हात पडून भाजून घ्यायला येतात, म्हणून स्थानिकांना राहायला घर मिळत नाही. एका भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं : टूरिस्ट गो होम. नीलाकाकूंनी त्याच्यापुढे उभं राहून जँडल्स (आमच्याकडच्या रबरी चपला) घातलेला पाय पुढे करून फोटो घेतला. "रंग छान आलाय नाही मागे?"

पाल्मात आईला एक गोष्ट फार आवडली. ऑक्टोबरच्या शेवटी तिथल्या बेकऱ्यांत साखरेच्या जपमाळा टांगतात. बदामाचे मणी, मध्ये पाकातल्या भोपळ्याचं पदक. आजी-आजोबा त्या नातवंडांच्या गळ्यात घालतात आणि पोरं दिवसभर माळ खात हिंडतात. धर्म असा खाऊन संपवता येतो हे बघून मलाही बरं वाटलं.

एक नोव्हेंबरला आम्ही सेव्हिलहून बसनं मालागाला निघालो. वाटेत जेवायला एक पांढरं गाव. मकरंदनं गाव निवडलं होतं, पण तारीख बघितली नव्हती. तो सर्व संतांचा दिवस — सगळ्या स्पेनला सुट्टी.

"मकरंद, हॉटेल बंद, बार बंद. कोपऱ्यावरची साधी डेअरीसुद्धा उघडी नाही. काय चाललंय?" नीलाकाकू.

"ऑल गुड काकू. अर्धा तास पाय मोकळे करू. स्वीट ॲज." म्हणजे किवी भाषेत, सगळं झकास.

"स्वीट काय त्यात? बाथरूम कुठंय ते सांग आधी."

बाथरूम फक्त दफनभूमीत उघडं होतं, कारण अख्खं गाव तिथंच होतं. आमच्या बसशेजारी दुसरी एक मोठी बस उभी होती, तिच्यातूनही मराठी ऐकू आलं. "अहो, पाण्याची बाटली घ्या," असं कुणीतरी ओरडलं. आमच्यासारखेच फसलेले.

"सहलीत स्मशान? मी नाही बाई पाय ठेवणार," नीलाकाकू म्हणाल्या. आत पांढऱ्या भिंती आणि शेवंतीचे ढीग दिसल्यावर दोन मिनिटांत त्यांची सेल्फी स्टिक बाहेर आली.

तिथं माणसं जमिनीत पुरत नाहीत. भिंतीत चार-पाच ओळींत कोनाडे असतात, एकेकात एकेक पेटी, वर नावाची संगमरवरी पाटी. त्या दिवशी बायका शिडीवर चढून त्या पाट्या साबणानं घासतात, फुलं बदलतात, खाली उभ्या असलेल्यांशी गप्पा मारतात. रडणं नाही. आई बघत राहिली. एका म्हातारीनं खुणेनंच तिला शिडी धरायला सांगितलं. आईनं धरली. ती वर घासतेय, ही खाली धरून उभी. दोघींना एकमेकींचा शब्द कळत नव्हता.

मग आई म्हणाली, "प्रज्ञा, इकडे ये."

आवाजात काही नव्हतं. कुकरच्या शिट्ट्या मोज म्हणून सांगते, तसा आवाज.

शिडीच्या उजवीकडे, खालून तिसऱ्या ओळीत एक रिकामा कोनाडा होता. पाटी नसलेला. त्याच्या काठावर एक कागद उभा होता. तीन घड्या, कोपरे आत.

आईनं तो उघडला. 'मी मेल्यावर काय करू नये.' बाबांचं अक्षर. सात मुद्दे. तळाशी : 'पटलं नाही तर भांडा, पण वाचा.' मी उलटा केला. पाठीवर आमचं स्वयंपाकघर — सिंकशेजारचा प्लग खोडून खिडकीखाली घेतलेला, बाजूला बाबांचा पेन्सिलीचा बाण.

कागद जळलेला नव्हता, पिवळा नव्हता. मी वाससुद्धा घेतला. बाबांच्या शर्टाचा आला, असं लिहिलं तर तुम्हाला आवडेल. नाही आला. फुलांचा आणि साबणाचा आला.

आईनं तो पूर्ण वाचला, सावकाश. मग होता तसा दुमडून काठावर उभा केला.

"आई, काय करतेस? आण तो इकडे."

"ठेवलेलं परत घ्यायचं नाही."

"अगं, पण हा—"

"तुला कुणी शिकवलं नाही का?"

आणि मी — जगातल्या प्रत्येक बुवाकडे पुरावा मागणारी मी — हात पुढे केला आणि मागे घेतला. इतक्या वर्षांचे रविवार होते त्या हातात. फोटो काढायला फोनही जवळ नव्हता. मोठ्या तोऱ्यात बसमध्ये ठेवून आले होते. बाहेर हॉर्न वाजला. आईनं घड्याळ बघितलं. तिनं ते सहलीभर लावलंच नव्हतं, मनुरेव्याच्याच वेळेवर होतं, आणि तिथं बरोबर बारा तासांचा फरक असल्यामुळे काटे जुळत होते. पावणेबारा. म्हणाली, "चल, लोक खोळंबलेत."

दहा मिनिटांनी मी भानावर आले. बस मागे घ्या म्हणून मकरंदच्या मागे लागले. "प्रज्ञा, फ्लाइट चुकली तर हे सगळे मला खातील," तो म्हणाला. बस थांबली नाही.

नंतरची चौकशी मी केली आणि कुणाकडे केली तेही सांगते. अकराही जणांना विचारलं. नीलाकाकू फोनवर म्हणाल्या, "मी? तुझ्या बाबांचा कागद मी हातात तरी घेतला असता का?" यातलं 'तुझ्या बाबांचा' कसं उच्चारलं, ते मी विसरणार नाही. पण त्या खरं बोलत होत्या. दुकानातले आमचे तंबू त्या बोटाच्या टोकानं बाजूला सारायच्या. सगळ्यांचे सगळे फोटो मागवले. त्या भिंतीचे एकोणतीस फोटो आहेत. एकात शिडीचा पाय आहे, एकात म्हातारीची बादली. तिसऱ्या ओळीतल्या कोनाड्याच्या जागी प्रत्येक वेळी नीलाकाकूंची हॅट. गावाच्या कचेरीला दोन पत्रं लिहिली. उत्तर नाही.

मग उरलेला एकच संशय मी आईला तोंडावर विचारला. तूच खिशातून काढून घेतला होतास का? तूच तिथं ठेवलास?

तिनं चहा गाळता गाळता विचारलं, "झाकण कुणी लावलं?"

"मी."

"मग?"

त्या 'मग?'पुढे मी अडकले आहे. बाबा असते तर म्हणाले असते, नुसतं हाताला लागलं म्हणून विश्वास ठेवू नको, पुन्हा तपास. तपासायला काही उरलेलं नाही.

यात गंमत नाही. जिनं माझ्याबरोबर दारोदार पत्रकं वाटली, ती आई आता वाटत नाही. "ज्याला मी खोटं म्हणत होते ते मी हातात धरलं," म्हणते. रोज दुपारी बाबांच्या जागेवर एक कप चहा झाकलेला असतो. मी बोलले की म्हणते, "वाढलेला नाही. जास्तीचा झालाय." सात मुद्द्यांपैकी चौथा मुद्दा आमच्याच स्वयंपाकघरात रोज मोडतो, त्याच प्लगशेजारी. बाबांनी आयुष्यभर जे केलं, ते एका कागदानं पुसलं, आणि कागदही त्यांचाच.

मला स्पष्टीकरण सापडलेलं नाही. सापडलं असतं तर या सदरात लिहून स्वतःचं हसं करून घेतलं नसतं.

म्हणून तुम्हाला सांगते आहे, दुसऱ्या बसमधल्या लोकांनो. एक नोव्हेंबर २०१७. सेव्हिल ते मालागा वाटेवरचं पांढरं गाव, शेवंतीची फुलं, शिडी, आणि शिडी धरलेली निळ्या स्वेटरमधली ठेंगणी बाई. तुमचे त्या दिवसाचे फोटो काढा आणि एकदा, फक्त एकदा, स्वतःच्या तोंडामागे काय आहे ते बघा. खालून तिसरी ओळ. तो कागद ठेवणारा हात कुणाचा आहे, तेवढं मला कळवा. तो हात आईचा निघाला तरी चालेल. मी भांडणार नाही. तिच्यासमोर बसून तो जास्तीचा चहा पिऊन टाकीन.

आणि पुढे कधी त्या गावात गेलात, आणि कागद अजून असलाच, तर फोटो काढा. वाचा. पटलं नाही तर भांडा. पण उचलू नका. होता तसा उभा करून ठेवा.