दुसरा बार

इतकी वर्षं झाली, आता मऊ भाकरसुद्धा दाताला लागते, पण त्या हंगामातली ती गोष्ट मनातून काही जात नाही.

आधीच सांगते, मी काही कोणी अंमलदार नव्हते. त्या काळी बाईला पोलिसात कोण घेणार? आमचे घरधनी अमरावतीकडच्या एका ठाण्यावर जमादार होते. ठाण्यात बाईमाणूस आलं की तिची झडती मी घ्यायची आणि कोठडीतल्या माणसाला घरून आलेलं जेवण तपासायचं, एवढीच माझी नोकरी. पण सरकारी पगार मिळायचा, आणि केस सफेद होईस्तोवर मी ती केली. अक्षरं मी रिद्धपूरच्या एका महानुभाव बाईंजवळ बसून उचलली, शाळेचं तोंड पाहिलं नाही. नावं मात्र कोणाची लिहिणार नाही. त्यांची नातवंडं अजून तिथंच नांदतात.

तेव्हा दूर अमेरिकेत लढाई जुंपली होती आणि विलायतेच्या गिरण्यांना आमच्या वऱ्हाडातला कापूस जायला लागला होता. ज्या घरात पाहुण्याला बसायला धड घोंगडी नव्हती तिथं घोडी आली, आणि घोडीमागून बंदूक आली. बंदूक विकत घेतली म्हणजे ती चालवताही येते, असं प्रत्येकाला वाटायचं. आमच्या हद्दीत एकानं आपल्याच पायाचा अंगठा उडवला. दुसऱ्यानं रानडुक्कर समजून व्याह्याची म्हैस मारली, आणि ती रानम्हैसच होती म्हणून पुढं कितीतरी दिवस शपथा खात राहिला.

या बंदुका ठासणीच्या. आधी नळीत दारू ओतायची, वर चिंधीचा बोळा घालून लोखंडी गजानं ठासायचा. मग गोळी टाकायची, पुन्हा ठासायचं. गज काढून नळीखालच्या खोबणीत ठेवायचा, मग ठिणगी पाडणारी तांब्याची टोपी बसवायची आणि शेवटी घोडा दाबायचा. एक बार काढला की दुसऱ्यासाठी सगळं पहिल्यापासून. ठाण्यातले शिपाई बंदुका पुसून ठासायचे, ते मी रोज इतकं पाहिलं होतं की जात्यावरच्या ओवीसारखं पाठ झालं होतं.

कापूस वेचणीचे दिवस होते. वलगावच्या वाटेवरच्या एका गावचा कोतवाल दिवे लागून गेल्यावर धापा टाकत ठाण्यात आला. एका मळेवाल्याच्या मांडीत कोणी तरी भाला खुपसला होता म्हणे. दिवस बुडताना तो भाजीच्या वाफ्यांत वाकलेला होता, आणि मांडी आरपार. दवाखान्यात पाहिलं तर ना गोळी, ना छर्रा, नुसतं भोक. बंदुकीच्या बाराचा आवाज झाला होता का, असं विचारलं तर सगळा गाव म्हणाला, रोजच होतो. त्या दिवसांत डुकरं हाकलायला संध्याकाळी चारी बाजूंनी बार निघायचे. त्यात एक जास्त की कमी, कोण ध्यानात ठेवतो.

जखमी माणसानं जबाबात शेजारच्या मळेवाल्याचं नाव घेतलं. दोघांची विहीर एक. मोटेच्या पाळीवरून दोघांचं रोज वाजायचं. शेजाऱ्याच्या घरी बर्ची सापडली, छोटा भालाच तो. आणि चावडीवर त्यानं दहा माणसांत म्हटलं होतं, "या बर्चीनं डुक्कर आरपार केलं हाये, एक दिवस तुलेही करतो." झालं. त्याला आणून कोठडीत टाकला.

त्याची बायको रोज भाकर घेऊन यायची. नियम असा की भाकर मोडून पाहायची, आत काही लपवलंय का. मी मोडायची, ती बघत राहायची. एक दिवस म्हणाली, "माय, रोज मोडता. एखाद दिस साबूत जाऊ द्या ना. साबूत भाकर हातात आली का माणसाले घरचं वाटते."

"नियम हाये बाई," मी म्हटलं.

"अन् त्या बर्चीचं काय घेऊन बसले वो तुमी? तिच्यानं आजवर उंदीर नाही मेला. मी तिच्यावर मिरच्या वाळवतो."

मी हे घरी सांगितलं. जमादार म्हणाले, "डुक्कर मारलं म्हणून तोच सांगत होता ना? आता भोगू दे." पण त्यांनाही चैन नव्हती. मळेवाल्याची जखम चिघळली होती. तो गेला तर खुनाचा खटला, आणि शेजारी फासावर.

या सगळ्यात गावात दुसरीच एक गोष्ट गाजत होती. कापसावर नवीन नवीन मोठा झालेला एक शेतकरी होता. त्यानं त्याच संध्याकाळी नाल्यापाशी बिबट लोळवला होता म्हणे. एकाच गोळीत. बिबट गडगडत नाल्यात गेला आणि झुडपांत नाहीसा झाला, म्हणून कातडं नाही. गावात होता तेव्हा तो बिबट होता, वलगावात पोचेस्तोवर पट्ट्यांचा वाघ झाला. आमच्या ठाण्यातले शिपाईसुद्धा त्याच्याकडून ऐकून आले आणि मिशा पिळत आम्हाला सांगायला लागले.

तुळशीचं लग्न आटोपलं आणि याच बंदूकवाल्याच्या पुतणीचं लग्न निघालं. जमादारांच्या घरी बोलावणं आलं, मी गेले. तिकडे रीत अशी की नवरदेव शिवेवर आला की मुलीकडच्यांनी बंदुकीचे बार काढून त्याला घ्यायचं. बार जितके जास्त तितका मान मोठा. वाघ मारणारी बंदूक घरात, तेव्हा सगळा गाव कान देऊन उभा. आणि बंदूकवाला म्हणाला, वाघावर चाललेली बंदूक लग्नात वाजवत नाहीत. शेवटी कोणाची तरी जुनी तोड्याची, वातीनं पेटवायची बंदूक मागून आणली. ती फुस्स करून गप्प झाली. वऱ्हाडी हसले.

बंदूक ओसरीवर हार घालून टांगली होती. खाली बंदूकवाल्याची म्हातारी आई बसली होती, रुसलेली.

"नातीच्या लग्नात एक बार नाही काढला पोट्ट्यानं," ती मला म्हणाली. "त्या दिसापासून बंदुकीले हातच लावत नाही. म्या इचारलं, बापा, वाघ पळून राह्यला होता तर दुसरा बार काहून नाही टाकला? तर माह्या अंगावर धावला."

मी वर पाहिलं. हाराच्या झेंडूमागं नळीखालची खोबण दिसत होती. रिकामी. गज नव्हता.

मी जेवायला थांबले नाही. घरी येऊन जमादारांना सांगितलं. ते बराच वेळ सुपारी कातरत बसले. मग म्हणाले, "गजाशिवाय दुसरा बार निघतच नाही." आणि थोड्या वेळानं, "गज गेला कुठं पण?" दोघांनीही एकमेकांकडे पाहिलं. मांडीतलं ते भोक दोघांनाही आठवलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी त्याला बोलावलं. कोठडीकडं नाही, ठाण्याच्या ओट्यावर. चहा तेव्हा कुठला, गुळाचं पाणी दिलं. जमादारांची रीत होती, फुशारकी मारणाऱ्याला मधे अडवायचं नाही, त्याला वाहवत जाऊ द्यायचं. मी आतल्या दाराशी भाजी निवडत होते.

"भाऊ, वाघाचं ऐकून राह्यलो मी सगळीकडून. तुमच्या तोंडून ऐकायचं हाये."

तो खुलला. वाघ आला, वाघ गुरकावला, वाघानं झेप घेतली. हातवारे बघून ओट्याखाली कुत्रंसुद्धा उठून बसलं.

"वा," जमादार म्हणाले. "अन् जखमी वाघ नाल्यात उतरला. मंग तुमी दुसरा बार ठासला असंल."

"गरज नाही पडली साहेब."

"जखमी वाघ सामने, हातात रिकामी बंदूक, अन् गरज नाही पडली? छाती हाये बाप्पा तुमची. मी तर पयले ठासला असता." मग शिपायाला हाक मारली, "भाऊची बंदूक आणली ना रे घरून? दे त्याईले. एक बार ठासून दाखवतील."

बंदूक हातात आली. दारू दिली, चिंधी दिली. त्यानं दारू ओतली, बोळा नळीच्या तोंडात घातला, आणि हात आपोआप नळीखाली गेला. तिथंच राहिला.

"गज कुठं हाये भाऊ?"

"लोहाराकडं."

"लोहाराले सकाळीच इचारलं."

तो खाली बसला. मग जे बोलला ते मला अजून कानात ऐकू येतं. "साहेब, लोकं हासतील."

घडलं होतं ते एवढंच. घाईत टोपी आधीच बसवून ठेवलेली. दारू ठासली, गोळी अजून टाकायची होती, गज नळीतच होता, आणि नाल्यापलीकडं काही तरी वाकलेलं हललं. त्यानं घोडा दाबला. गोळी नव्हतीच, गज गेला. अंधार पडत होता, कण्हणं ऐकू आलं, तो घाबरून पळाला आणि बायकोला सांगितलं, बिबट होता. सकाळी मळेवाल्याचं कळलं. पण तोवर बिबट गावभर झाला होता.

"शेजारी फासावर गेला असता ना रे," जमादार म्हणाले. आवाज चढवला नाही त्यांनी.

"रोज वाटे सांगाव. मंग वाटे, गज नळीत इसरला म्हणतील. पोरंसोरं चिडवतील." त्यानं तोंड झाकलं.

त्यानंच जागा दाखवली. तो उभा होता तिथून मळेवाल्याच्या वाफ्यापर्यंत सरळ रेघ धरून शिपाई चालत गेले. पलीकडच्या धुऱ्यात, म्हणजे शेताच्या बांधात, गवताखाली मातीत रुतलेला गज सापडला. त्यावरचं रक्त वाळून काळं झालं होतं. पंचनामा झाला, मुद्देमाल ठाण्यात आला.

मळेवाला वाचला, पाय मात्र कायमचा ओढत चालायला लागला. बंदूकवाल्याला शिक्षा झाली. गज सुटला याहून, दुसरा माणूस कोठडीत असताना हा तोंड मिटून बसला याचीच ती जास्त होती. लोक हसले, हो, हसले. पुढच्या पोळ्यापर्यंत हसले. मग कोणाच्या तरी घोडीनं नवरदेवाला पाडलं आणि सगळे तिकडं हसायला लागले. सुटून आल्यावर त्याला कोणी गजाचं नावही काढलं नाही.

पुढं ठाण्यात कितीतरी गुन्हे पाहिले. लोभापायी झालेले, रागापायी झालेले. पण हसू होईल म्हणून माणूस किती लांब जाऊ शकतो, ते मला त्या एका माणसानं दाखवलं. तो दुष्ट नव्हता. म्हणूनच मला त्याची भीती वाटते. तेव्हापासून कोणी फार रंगवून सांगायला लागलं की मी हसत नाही, आणि कोणी आपली फजिती सांगितली तर तिथं तर मुळीच हसत नाही. त्याला पुढच्या वेळी खरं सांगता आलं पाहिजे.

शेजाऱ्याला सोडलं त्या सकाळी त्याची बायको नेहमीसारखी शिदोरी घेऊन आली. तिला कळलंच नव्हतं. मी फडकं सोडलं, सवयीनं भाकर हातात घेतली, आणि तशीच तिच्या हातात परत दिली. ती माझ्याकडं बघत राहिली. तेवढ्यात तो कोठडीतून बाहेर आला, उजेडात डोळे किलकिले करत. ठाण्याच्या पायरीवर बसला. तिनं साबूत भाकर त्याच्या पुढं धरली.

त्यानं ती स्वतःच्या हातानं मोडली, आणि अर्धी मला दिली.