जावईबापू बसायला येत आहेत

आमच्या नंदोईंच्या तावडीतून आजवर एकही माणूस नुसता आउट होऊन सुटलेला नाही. तो आउट झाला की त्याच्यावर नंदोईंचं एक वाक्य पडतं, आणि ते त्याला जन्मभर चिकटतं. सुरतेत उधन्यापासून डिंडोलीपर्यंत अशी माणसं आहेत की त्यांचं आडनाव लोक विसरले, पण नंदोई त्यांच्याबद्दल माइकवर काय बोलले ते कुणी विसरलं नाही. नंदोई म्हणजे माझ्या नणंदेचे यजमान, आमच्या घरचे जावई. आम्हा खानदेशी लोकांत जावयाला कुणी उलटून बोलत नाही. त्यामुळे लग्न होऊन आले तेव्हापासून मी त्यांना "पाव्हणे" म्हणते आणि पुढचं गिळते. आता गुडघे गेले, दात गेले, गिळायचं वय राहिलं नाही. म्हणून लिहिते.

त्यांचं सगळं आयुष्य लूमच्या खात्यात गेलं. खातं म्हणजे सुरतेत यंत्रमागाचा कारखाना. तिथे सगळी यंत्रं एकदम सुरू असली की शेजारच्या माणसाला हाक मारायची तरी बेंबीच्या देठापासून ओरडावं लागतं. बाकीचे कारीगर घरी आल्यावर आवाज खाली आणत, नंदोईंनी तो कधी आणलाच नाही. नणंदेच्या कानात काही गुपित सांगायचं तर ते आधी समोरच्या बिल्डिंगला कळायचं. असा माणूस घरात ठेवून उपयोग नव्हता, म्हणून लोकांनी त्याच्या हातात माइक दिला.

आमच्या सोसायटीमागे मोकळं मैदान आहे. दर उन्हाळ्यात तिथे क्रिकेटचे सामने होतात. संघ गावाकडच्या तालुक्यांचे. पोरं जन्मली सुरतेत, आपसात बोलतात गुजरातीत, शिव्या देतात हिंदीत, पण खेळतात मात्र शहादा आणि पारोळा म्हणून. नंदोई आंब्याच्या झाडाखाली टेबल मांडून बसतात. बक्षीस देणारा साडीवाला शेठ आला की त्याचं कौतुक गुजरातीत करतात, नियम हिंदीत सांगतात आणि खेळणाऱ्यांची अब्रू मराठीत काढतात. एकदा एक जाडा पोरगा बॉलच्या मागे रमतगमत धावत होता. नंदोई म्हणाले, "बॉल चौकाराला निघाला आहे, आणि आपला खेळाडू त्याला दारापर्यंत सोडायला निघाला आहे." एकाच्या हातून कॅच सुटला तेव्हा म्हणाले, "पगाराच्या दिवशी हाच हात किती घट्ट मिटतो." एक जण हेल्मेट, पॅड, ग्लोव्ह्ज, काळा गॉगल असं सगळं मागून आणून उतरला आणि पहिल्याच बॉलला परत फिरला. "तयारी लग्नाची केली, थांबला चहापुरता," एवढंच नंदोई बोलले. त्या मुलाचं पुढे खरंच लग्न झालं, तर वरातीत मित्र त्याला चहा हवा का म्हणून विचारत होते.

नुसतं स्वतःचं बोलून त्यांचं पोट भरत नाही. सामना संपला की जिंकलेल्यांकडे ते ढुंकून बघत नाहीत. जिंकलेला माणूस काही बोलत नाही, फक्त दात दाखवतो, असं त्यांचं म्हणणं. ते हरलेल्यांकडे जातात, त्यांच्या शेजारी मातीत बसतात आणि काय झालं ते विचारतात. हरलेला माणूस जे बोलतो ते दुसऱ्या दिवसापासून सगळ्या वस्तीत फिरतं. एका कप्तानाने त्यांना सांगितलं होतं, "आम्ही कुठे हरलो, ओव्हर संपल्या." एका बॉलरला सगळ्यांनी धू धू धुतलं. तो शांतपणे म्हणाला, "मी नीट टाकत होतो, तो नीट मारत होता. दोघांचंही काम व्यवस्थित चाललं होतं." मला सगळ्यात आवडतो तो डाइंग मिलमधला अंपायर. तो मोबाइलमध्ये बघत होता आणि तसंच बघता बघता बोट वर करून मोकळा झाला. नंदोईंनी त्याला विचारलं, आउट कशावरून दिला. तो म्हणाला, आवाज आला. कसला आवाज? तर म्हणाला, "सगळ्यांचा."

हे सगळं मैदानावर राहिलं असतं तर ठीक होतं. पण नंदोई ते घरात आणतात. माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, मी कॉटवर कण्हत पडले होते, तेव्हा हे भेटायला आले आणि वॉर्डातल्या सगळ्या बायकांना ऐकू जाईल असं म्हणाले की वहिनींना आता रनआउटची भीती नाही, त्या धावणारच नाहीत. शेजारच्या कॉटवरची बाई टाके दुखेपर्यंत हसली. मी भिंतीकडे तोंड केलं. जावई माणूस, काय बोलणार. नणंद तर त्यांच्यापुढे हात टेकून बसली आहे. पोळी करपली तर हे ताटावर बसून सांगतात की खेळपट्टी आज कोरडी आहे.

अशा माणसाला एक दिवस खरंच बोलता येईना. ते कसं झालं ते सांगते.

त्यांच्या मुलीचं, म्हणजे माझ्या भाचीचं, हिवाळ्यात लग्न झालं. जावई सुरतेजवळच्या कडोदऱ्याचा, कापडाच्या कारखान्यात सुपरवायझर. शांत पोरगा, कमी बोलणारा, पण क्रिकेटचं वेड. उन्हाळ्यात सामने लागले आणि तो शहाद्याकडून खेळायला आमच्या मैदानावर आला. आपला सासरा माइकवर असतो हे त्याला माहीत होतं. बहुतेक त्याला वाटलं असेल, दोन-चार चौकार मारून दाखवू. शहाद्याचे दोन गडी गेले आणि जावई बॅट घेऊन निघाला. नंदोई खुर्चीतून उठून उभे राहिले. डोक्यावरची टोपी नीट केली. जावई आला की सासऱ्याने बसून राहायचं नसतं, हे त्यांच्या हाडात मुरलेलं. मी गॅलरीत मिरच्या निवडत होते. म्हटलं, आता हा माणूस काय बोलणार?

"आमचे जावईबापू मैदानात येत आहेत," भोंग्यातून आवाज आला. "बॉलरला विनंती आहे, घरचे पाहुणे आहेत."

लोक हसले. जावई मान खाली घालून उभा राहिला. पहिला बॉल त्याच्या बॅटजवळून निघून गेला. दुसरा कुणी असता तर नंदोईंनी त्याचं भरीत केलं असतं. इथे ते म्हणाले की जावईबापूंनी बॉलला पुढे जाऊ दिलं, मन मोठं आहे. दुसरा बॉल पायावर बसला. जावईबापूंना लागलं तर नाही ना, कुणीतरी पाणी न्या, असं त्यांनी सांगितलं, आणि एक जण खरंच तांब्या घेऊन धावला. तिसऱ्या बॉलला मधला स्टंप उडाला. भोंगा बराच वेळ नुसता खरखरत राहिला. सगळं मैदान कान टवकारून उभं. मग नंदोई अगदी अदबीने म्हणाले, "जावईबापू बसायला येत आहेत. खुर्ची द्या."

पोरांनी खुर्ची नेली. एकाने ती खांद्यावरच्या टॉवेलने पुसली. जावई तिच्याकडे न बघता मोटरसायकलवर बसला आणि चहासुद्धा न घेता कडोदऱ्याला निघून गेला.

नंदोईंचं म्हणणं, मी एक शब्द वावगा बोललो नाही. ते खरंच होतं, आणि तेच नडलं. बाकीच्यांची अब्रू गेली की ते दुसऱ्या दिवशी नंदोई चहाला बसतात त्या टपरीवर येऊन हसतात, उलट दोन शब्द सुनावतात, हिशोब मिटतो. मानाला काय उलट सुनावणार? कुणीतरी ते सगळं मोबाइलमध्ये घेतलं होतं. जावयाच्या कारखान्यात तो चहा मागायला लागला की कारीगर उठून खुर्ची पुढे करायला लागले.

तेवढ्यात आखाजी आली. अक्षय्य तृतीयेला आम्ही आखाजी म्हणतो. आमच्याकडे दिवाळीपेक्षा हा सण मोठा, कारण लग्न झालेल्या मुली माहेरी येतात, झोके खेळतात, गाणी म्हणतात, आमरस-पुरणपोळी खातात. त्यात भाचीची पहिली आखाजी. नणंदेने आधीच झोका बांधून ठेवला होता. भाचीचा भाऊ तिला आणायला कडोदऱ्याला गेला आणि एकटाच परत आला. पाठवत नाही म्हणाले. नणंद पदर तोंडाला लावून बसली. पहिल्या आखाजीला मुलगी आली नाही तर लोक काय ते समजतात, आणि एकदा समजले की त्यांना उलटं समजावता येत नाही. मुलगी जन्मभर दोन घरांच्या मधे लोंबकळत राहते.

मुलीचा मामा, म्हणजे माझे यजमान, हयात नाहीत. म्हणून मध्यस्थीला मामीला न्यायचं ठरलं. केसर आंब्यांची पेटी घेऊन नंदोई आणि मी रिक्षाने कडोदऱ्याला गेलो. दारात विहीणबाईंनी हात धरून आत घेतलं. "बठा ना, चहा ठेवस मी," असं आपल्या अहिराणीत म्हणाल्या, म्हणजे निदान त्यांच्या मनात काही नव्हतं. व्याही मात्र छातीशी हात बांधून बसले होते. जावई खिडकीशी मोबाइल बघत होता आणि भाची स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, बापाकडे न बघता.

नंदोईंनी हात जोडले. म्हणाले, माझ्याकडून कुठे मानात कमी पडलं असेल तर माफ करा. व्याही म्हणाले, "कमी कुठे, जास्तच झाला तो." मला असल्या बैठकांचा कंटाळा येतो. मी सरळ जावयालाच विचारलं की बाबा, तुला हवंय तरी काय? नवी मोटरसायकल हवी असेल तर तसं सांग, नाही म्हणून आम्ही घरी जाऊ.

जावयाने मोबाइल ठेवला. "मामी, मला काही नको," तो म्हणाला. मग सासऱ्याकडे वळला. आमच्यात सासऱ्यालाही मामाच म्हणतात. "मामा, सगळ्यांना बोलता तसं मला बोला. एकदाच. मग मी तिला पाठवतो."

नंदोईंचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. ज्यांनी शेठच्या पुतण्यालासुद्धा सोडलं नाही, त्यांच्या तोंडून एका पोराच्या तीन बॉलवर शब्द फुटेना. टोपी काढली, परत घातली. कपाळ पुसलं. म्हणाले, "जावईबापू, ते कसं होणार. आमच्यात कुणी केलेलं नाही." जावई परत खिडकीकडे वळला. मी कोपराने ढोसलं. उपयोग झाला नाही. त्यांना शब्द सापडत होते, ते मला चेहऱ्यावरून दिसत होतं, पण दातांपर्यंत येऊन ते मागे जात होते.

तेव्हा भाची दारातून म्हणाली, "बाबा, बोला. मला घरी यायचंय."

नंदोईंनी डोळे मिटले. आयुष्यात पहिल्यांदा ते हळू आवाजात बोलले. "जावईबापू, तो बॉल माझी आई एका हाताने काठी टेकून खेळली असती."

आधी विहीणबाई हसल्या, हातातला चहा सांडेपर्यंत. मग भाची. व्याही भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिले, पण त्यांच्या मिशा हलत होत्या. जावई हसला नाही. त्याने फक्त मोठा श्वास सोडला, डोक्यावरचं ओझं कुणीतरी उतरवून घेतल्यासारखा, आणि बायकोला म्हणाला, "बॅग भर." मग सासऱ्याला म्हणाला की हे पुढच्या सामन्याला माइकवर बोलायचं, नुसतं घरात चालणार नाही. नंदोईंनी मान हलवली.

परतताना रिक्षात भाची आमच्या मधे बसली होती. ती खुशीत होती, झोका कुठे बांधला, आत्याकडच्या मुली आल्या का, सगळं विचारत होती. दोन्ही बाजूंनी कारखाने मागे पडत होते. नंदोई बाहेर बघत होते. मधेच म्हणाले, "बॉल चांगला होता."

"कुठला?" भाचीने विचारलं.

"तोच. बाहेर पडून आत आला. कुणीही आउट झालं असतं."

मग तेव्हाच माइकवर तसं का नाही सांगितलं, असं तिने विचारलं. खरं बोलला असतात तर एवढं झालंच नसतं.

"चांगल्या बॉलवर कोण हसतं, पोरी," ते म्हणाले.

ती फोन काढून नवऱ्याला सांगणार होती, तर त्यांनी तिच्या हातावर हात ठेवला. राहू दे म्हणाले, आत्ता कुठे मोकळा झाला आहे तो. माझ्या मनात आलं, इतकी वर्षं त्यांनी ज्यांची टर उडवली त्यातले किती जण चांगल्या बॉलवर गेले असतील, आणि ते यांना प्रत्येक वेळी दिसलं असेल. विचारावंसं वाटलं. पण विचारलं नाही. घर येईपर्यंत ते गप्प होते. हा माणूस कधी गप्प बसेल म्हणून मी उभा जन्म वाट पाहिली होती, आणि आता बसला तर मला ते मुळीच आवडलं नाही.