पैलपाऱ्याचे बारा

नितीनचा फोन आला तेव्हा मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. "दीदी, बाबा नहीं रहे," एवढंच तो म्हणाला. नितीन म्हणजे वामनकाकांचा मुलगा. त्याला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदीत येतं. समोर रत्नागिरीचा समुद्र पसरला होता, आणि माझ्या मनात सगळ्यात आधी आलं ते हे, की काकांनी हा कधीच पाहिला नाही... रडू नंतर आलं.

वामनकाका माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. आजोबा वर्ध्याकडून रेल्वेच्या नोकरीसाठी रायपूरला आले आणि आम्ही तिथलेच झालो. काका गुढियारीजवळच्या मालधक्क्यावर बाबू होते. दिवसभर वॅगनींचे नंबर उतरवायचे, दारांना सील लागलं की नाही पाहायचे. सात-आठ वर्षांची असताना मी एकदा त्यांचा डबा घेऊन गेले. धक्क्याला जहाजं लागतात हे मी नुकतंच कुठंतरी ऐकलं होतं. "काका, हा धक्का आहे तर इथं जहाज काहून नाही येत?" दुसरा कोणी असता तर हसला असता. काकांनी पेन कानावर खोचलं, रुळांकडे पाहिलं आणि म्हणाले, "येते न. पण इथं नाही, पैलपाऱ्याले येते." रायपुरात वस्तीला पारा म्हणतात आणि पैलतीर तर मराठी माणसाला ठाऊकच. दोन शब्दांची गाठ मारून काकांनी मला उभंच्या उभं एक शहर दिलं.

पुढची कितीतरी वर्षं रविवारी संध्याकाळी आम्ही बूढापाऱ्यातल्या तलावाच्या काठावर बसायचो आणि पैलपारा वाढायचा. आधी तिथं मीठ पिकवणारी सातच घरं होती. वादळात एक परकं जहाज फुटलं, त्या घरांनी खलाशांना जेवू घातलं, आणि खलाशी परत जायचंच विसरले. त्यांनी लाकडाचा धक्का बांधला. मग आतल्या जंगलातून लाख आणि कोसा रेशीम बंदरावर येऊ लागलं, बाहेरून खजूर आणि आरसे. काकांच्या जहाजांनाही सील लागायचं आणि नंबर असायचे. बिचाऱ्यांना दुसरं ठाऊक काय होतं! पैलपाऱ्याचा एक कायदा होता: येणाऱ्याला आधी पाणी द्यायचं, नाव मग विचारायचं. आणि भरती रोज बरोबर बारा वाजता यायची. तेव्हा धक्क्यावरची घंटा वाजे आणि जहाजं आत येत.

छत्तीसगढ वेगळं राज्य झालं, रायपूर राजधानी झाली, त्याच वर्षी माझं लग्न ठरलं. गावात जो तो दुकानाच्या पाटीवर 'राजधानी' लिहून घेत होता, पानठेलासुद्धा सुटला नव्हता. काका म्हणाले, "आपल्याले दिल्लीनं राजधानी केलं. पैलपारा कोणाले विचारणार नाही, पाहून घे तू." मी सासरी रत्नागिरीला निघायच्या आदल्या संध्याकाळी गोष्ट ऐन रंगात आली होती. डोंगरापलीकडच्या राजाचा दूत बंदरावर येऊन उभा. हुकूम असा, की यापुढे धक्क्यावरची घंटा राजवाड्याच्या घड्याळाप्रमाणे वाजेल. मानलं तर शहर राजाचं, नाही मानलं तर फौज येईल. "मग पैलपाऱ्यानं काय सांगितलं?" मी विचारलं. "विचार करून राहिले ते," काका म्हणाले. "पुढच्या वेळी सांगतो."

पुढची वेळ मीच घालवली. सासरी येऊन आठवडा झाला नसेल, मी फोनवर मोठ्या शहाणपणानं सांगितलं, "काका, भरती रोज एका वेळी येत नाही हो! रोज पन्नासेक मिनिटं उशिरा येते. तुमचं बाराचं चुकलंच." "हव? असं आहे का," एवढंच ते म्हणाले. नंतर कितीदा विचारलं, पण पैलपाऱ्याचं नाव काढलं की ते विषय बदलायचे. खिशात रेल्वेचा पास असून माणूस समुद्राकडे फिरकला नाही, रत्नागिरीलाही कधी आला नाही. दर रविवारी फोन मात्र करायचे आणि न चुकता विचारायचे, "समुद्र काय म्हणते? भरला का?" मी गॅलरीतून पाहून सांगायची, "आत्ता उतरतोय," किंवा "तासाभरात भरेल." म्हाताऱ्या माणसाच्या गप्पा, असं वाटायचं मला. त्यांच्या शहराचा जीव मी घेतला ही बोच मात्र कधी गेली नाही.

तेराव्याला रायपूरला, चौबे कॉलनीतल्या त्यांच्या घरी गेले. निवृत्त होताना सोबत्यांनी दिलेलं घड्याळ त्यांच्या खोलीच्या भिंतीवर होतं. मोबाईलमध्ये दहा वाजून दहा मिनिटं झाली होती, घड्याळ पावणेबारा दाखवत होतं. मी म्हटलं, "काकू, हे बिघडलं वाटतं."

"बिघडलं नाही वं," सुमनकाकू म्हणाल्या. "रोज सकाळी स्टुलावर चढून काटा पन्नास मिनिटं मागं करत. रविवारी तुझ्याशी बोलले की अजून इकडंतिकडं. मले वाटे, डोकं फिरून राहिलं यांचं. जन्मभर रेल्वेच्या टायमावर चालला माणूस! मी म्हणो, बरोबर लावा न. तर म्हणत, 'आमची घंटा आमच्या समुद्रावर वाजन, राजाच्या घड्याळावर नाही.' आता ते नाहीत तर मीच करून राहिली. काहून, ते मले नाही माहीत."

मी रत्नागिरीला नवऱ्याला फोन लावला. "गॅलरीत जाऊन बघ ना, समुद्र कुठं आहे?" तो वैतागला, पण गेला. "भरत आलाय. पंधरा-वीस मिनिटांत पूर्ण भरेल. का गं?"

नंतर सांगते म्हणून मी फोन ठेवला. मी काकांच्या पलंगावर बसून राहिले, आणि थोड्या वेळानं घड्याळानं बाराचे ठोके दिले. भरती बारालाच आली होती. दूत हात हलवत परत गेला होता, पैलपारा केव्हाच स्वतंत्र झाला होता, आणि हे मला सांगायला आता काका नव्हते.

घड्याळ तू घेऊन जा, असं नितीन म्हणाला. मी नाही आणलं. त्याची जागा तिथंच आहे. पण रविवारी अकराच्या सुमारास फोन वाजतो. काकूंना जरा धाप लागलेली असते, स्टुलावर उभ्या असतात ना.

"काय वं पोरी, समुद्र भरला का?"