क्वानसिमा मॅडमचा शुक्रवार

क्वानसिमा मॅडम किनाऱ्यावरच्या, फांटे जमातीच्या. कुमासीजवळच्या आमच्या अशांती जमातीच्या गावात बदलून आल्या तेव्हा पाचवी शिकवणारी मीच म्हणाले होते, "महिनाभर टिकल्या तरी पुष्कळ!" टिकल्या कसल्या, चौथीच्या वर्गाचा कारखाना करून बसल्या. तेलताडाच्या झावळ्यांचे खराटे! एकानं हीर सोलायचे, दुसऱ्यानं लांबी जुळवायची, तिसऱ्यानं बांधायचं. कुठलं काम कधी, ते फळ्यावर. सगळ्यांवर मुकादम सेरवा, वर्गातली सगळ्यात तिखट पोर.

हेडमास्तर बोआहेनना हे थेर वाटायचे. शेजारच्या शाळेनं खराटे मागवले तेव्हा त्यांनी बजावलं, "शुक्रवारी दुपारपर्यंत पोचले नाहीत, तर हा बाजार बंद. पोरं पाढे म्हणतील."

बुधवारी शाळा सुटताना मॅडमनी फळ्यावर लिहिलं, उद्या झावळ्या तोडायच्या.

"मॅडम, उद्या रानात पाऊल टाकायचं नसतं," सेरवा म्हणाली. "भूमातेचा आरामाचा दिवस."

"तो तर शुक्रवारी! म्हणून तर मी शुक्रवार टाळला."

"तुमच्याकडे शुक्रवार. आमची भूमाता गुरुवारी झोपते."

मी दारातून हसले, पण मॅडमचा चेहरा उतरला. उरली होती फक्त शुक्रवारची सकाळ. मॅडमनी एकदाच मोठा श्वास घेतला. "चुकलंच माझं. मुकादमबाई, आता तुम्ही सांगा."

सेरवानं फळा पुसला. गुरुवारी रबराच्या पट्ट्या कापायच्या, मापाच्या काठ्या करायच्या, कोण कुठं बसणार ते ठरवायचं. झावळ्या शुक्रवारी पहाटे.

"पण मॅडम, तुमचा शुक्रवार?"

"लहानपणापासून पाळलाय गं."

"मग तुम्ही बांधावरच थांबा. आत आम्ही जातो."

आणि खरंच, पहाटे मॅडम बांधावर उभ्या राहून एकेकाला हाका मारत राहिल्या. मी पोरांबरोबर आत गेले. मग वर्गात हात असे चालले, की मलाच कुणी दटावलं, "मॅडम, वाटेतून सरका!"

दुपारच्या आधीच भारे डोक्यावर घेऊन पोरं निघाली. हेडमास्तरांनी एक खराटा ओढून पाहिला. हीर हलला नाही.

"हे सगळं ठरवलं कुणी?"

"पहिलं मॅडमनी, ते चुकलं," सेरवा बेधडक म्हणाली. "दुसरं आम्ही."

आमच्या गावात मोठ्यांची चूक अशी कुणी तोंडावर सांगत नाही. हेडमास्तरांच्या भुवया चढल्या. मॅडम मात्र लेकीचं लग्न ठरल्यासारख्या हसत होत्या. मला इतका अभिमान वाटला, की मी सगळ्यांसमोर म्हणाले, "सर, माझी पाचवीही यांच्याच हाती द्या."