संक्रांतीच्या पानावरची भरती

हसायचं असेल तर खुशाल हसा, पण हातातला चहा आधी खाली ठेवा. मी केलेला गाढवपणा माझ्यापुरता राहिला असता, तर आज बायकोखेरीज कुणाला कळलाही नसता. पण मी त्यात एक भरलेली बार्ज चिखलात बसवली, आणि एका बापाला मुलीच्या साखरपुड्याच्या दिवशी खाडीत अडकवून ठेवलं.

तेव्हा मी पेणजवळच्या एका जेट्टीवर नोकरीला होतो. शिपिंग एजंटची कंपनी. मोठी जहाजं मुंबई बंदरात थांबायची आणि त्यांचा माल बार्जमधून, म्हणजे सपाट बुडाच्या मालवाहू नौकेतून, खाडीनं आमच्याकडे यायचा. बार्ज आत कधी घ्यायची, तिला गोडं पाणी, डिझेल, रेशन कुठून द्यायचं, हमाल किती लावायचे, ही सगळी उस्तवार आमची. मी जन्मात जहाजावर पाऊल ठेवलेलं नव्हतं. पण जेट्टीवर उभा राहिलो, की माझ्या मनातून रोज एक जहाज अरबस्तानाकडे सुटायचं. अशा माणसाला वायरलेसपाशी बसवू नये, हे कंपनीला कळायला हवं होतं की नाही?

खाडी उथळ. भरलेली बार्ज ऐन भरतीलाच आत येणार. भरतीची वेळ काढायची आमच्याकडची रीत सोपी आहे, तिथीला पाऊणनं गुणायचं. प्रतिपदेला पाऊण वाजता, द्वितीयेला दीड, तृतीयेला सव्वादोन. वेळांचं छापील पुस्तकही होतं, पण ते हेडक्लार्कच्या कपाटात, आणि हेडक्लार्क त्या दिवशी किल्लीसकट अलिबागला.

माझं नुकतंच लग्न झालं होतं. महिना डिसेंबरचा. बायको माहेरी, रोह्याला, म्हणून मीही आदल्या रात्री रोह्याला. सकाळी निघताना सासूबाईंच्या स्वयंपाकघरातल्या भिंतीवर तिथी बघितली. तृतीया. त्याच पानावर संक्रांतीला लाल गोल केलेला होता. शेजारी सासूबाई सांगत होत्या, पहिला सण, काळी साडी आणलीय, हलव्याचे दागिने घरीच करायचे. मला डोळ्यांसमोर बायको दिसू लागली. काळी साडी, गळ्यात हलव्याचा हार, कानात हलव्याची फुलं. तशीच ती डोळ्यांत घेऊन मी एसटीत बसलो आणि पेणला उतरलो.

डिसेंबरात संक्रांत कशी, असं तुम्ही आत्ता विचारताय. मी विचारलं नाही.

अकराच्या सुमारास वायरलेस खरखरला. खाडीच्या तोंडाशी नांगर टाकून इब्राहिमचाचा थांबले होते. ते बार्जचे सारंग, म्हणजे तिथले सर्वेसर्वा. माणूस रोह्याचा, केस पाण्यावर पिकलेले.

"साहेब, पानी जोरात चढतंय. निघू काय?"

"चाचा, आत्ता नको. साडेबाराला निघा, सव्वादोनला भरती."

"माझ्या चांदच्या हिशेबानं तर पाऊन-एकलाच भरंल."

"चाचा, मी तिथी बघून आलोय."

"जेट्टीचा हुकूम हाय तर थांबतो. पन साहेब, आज पोरीचा साखरपुडा हाय. निडीवरनं पावनं चारला घरी येतील. बार्ज जेट्टीला लावून मला पळायचंय."

"सव्वादोनला लागलात तर चारला घरी. माझी जबाबदारी."

जबाबदारी हा शब्द मी त्या दिवसात फार वापरायचो.

मग मी जेट्टीच्या कडेला पाय सोडून बसलो. ऊन कोवळं होतं. पाणी हळूहळू तिवरांच्या मुळांवर चढत गेलं, फांद्यांना टेकलं आणि थांबलं. खाडी अशी निवांत पडली, की बगळासुद्धा हलायला लाजत होता. तिवराचं एक पिवळं पान वाहत आत आलं होतं, ते जागच्या जागी फिरू लागलं. घड्याळात पाऊण वाजला होता. मी बघत राहिलो. थोड्या वेळानं पान सावकाश वळलं आणि आलं तसं समुद्राकडे निघालं. माझा जीव गलबलला. म्हटलं, बघा, एवढंसं पान, पण त्यालाही समुद्राची ओढ.

मंडळी, माझ्या डोळ्यांदेखत ओहोटी लागली होती, आणि मी गलबलत होतो.

दोनच्या सुमारास बार्ज शेवटच्या वळणावर दिसली. काय डौलदार येत होती. मग ती तिथंच राहिली. मला वाटलं, चाचांनाही देखावा आवडला असेल.

वायरलेस खरखरला. "साहेब, बूड टेकलं. पानी उतरतंय."

"उतरतंय कसं? आज तृतीया."

"प्रतिपदा हाय साहेब," मागून आमचा मुकादम म्हणाला. "काल पुनवेचा नारळ फोडला नाय का आपण?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. सासूबाईंनी लेकीच्या पहिल्या संक्रांतीच्या हौसेनं नव्या वर्षाचं कॅलेंडर आत्ताच टांगलं होतं. मी जानेवारीची तिथी वाचून डिसेंबरची भरती सांगितली होती. पुढची भरती मध्यरात्रीनंतर.

"चाचा, होडी पाठवतो, तुम्ही निघा."

"भरलेली बार्ज टाकून सारंग जात नाय, साहेब." आवाज शांत होता. "तुम्हीच जा. पावन्यांना सांगा, बाप सकाळी येतो."

मला ते एका शब्दानं बोलले नाहीत. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मालाच्या ट्रकनं रामवाडीचा एसटी थांबा गाठला, तिथून रोह्याची गाडी. वाटेभर मी विचार केला, की भरती चुकली म्हटलं तर चाचांचं नाव जाईल. त्यापेक्षा इंजिन बिघडलं म्हणावं. इंजिनाला कुठं नाव असतं?

चाचांच्या घरी पाहुणे आलेले होते. मुलाचे वडील हसनमियाँ मधोमध बसलेले, ताठ, पांढरी दाढी. चाचांच्या धाकट्या भावानं मला पुढं केलं.

"चाचांच्या बार्जचं इंजिन बंद पडलं," मी म्हणालो.

हसनमियाँ एकदम पुढं सरकले. "पस्तीस वर्सं जहाजाच्या इंजिनात काढली मी. काय झालं? हवा धरली?"

"हो."

"फिल्टर साफ केला?"

"हो."

"मंग धूर कसला येतोय? काळा का पांढरा?"

"दोन्ही," मी म्हणालो.

हसनमियाँ उठून उभे राहिले. "असं कंदी ऐकलं नाय. चला. पाने-पक्कड घ्या कुनाची तरी. मी चालू करतो आन् सारंगाला घेऊनच येतो. त्याच्याबिगर साखरपुडा कसला?"

ते चपला घालू लागले. आता हा माणूस खाडीत उतरून धडधाकट इंजिन उघडणार. मी त्यांचा हात धरला आणि सगळं सांगून टाकलं. तिथी, काळी साडी, हलव्याचे दागिने, पिवळं पान. पानाचं सांगायची गरज नव्हती, पण ते ओघात आलं.

पडद्याआडून एक म्हातारा आवाज आला, "ऐकलंस काय गो, संक्रांत बघत बसला होता." मग बायका जे हसल्या ते थांबेचनात.

हसनमियाँ मात्र हसले नाहीत. "म्हंजे सारंगाचा हिशेब बरोबर होता?"

"हो."

"तरी हुकूम मानून थांबला? आन् आता पोरीच्या साखरपुड्याला बार्ज सोडून येत नाय?"

"नाही."

ते परत खाली बसले, चपला काढल्या. "असा सोयरा मला शोधून सापडला नसता. आम्ही मुक्काम करतो. सकाळी बाप आला, की साखरपुडा."

मला इतकं हलकं वाटलं, की डोळे भरून आले. समोर शेवयांची वाटी आली. चाचांचा भाऊ खुशीत म्हणाला, "तंवर लग्नाच्या दोन-तीन तारखा बघून ठेवू." त्यानं भिंतीवरचं कॅलेंडर काढलं आणि मोठ्या मानानं माझ्या हातात दिलं. "साहेब शिकलेले हायत, तेच सांगतील."

हसनमियाँनी ते अलगद माझ्या हातातून काढून घेतलं.

"साहेब," ते फार अदबीनं म्हणाले, "तुम्ही वाटी घेऊन ओट्यावर बसा. वारा चांगला हाय."

मी जाऊन बसलो. वारा खरंच चांगला होता.