धवलारणीची मोहरी

आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या मावशींचं पोलकं म्हणजे चालतंबोलतं कपाट होतं. किल्ल्यांचा जुडगा, मिश्रीची डबी, रुमाल, देवळातल्या अंगाऱ्याची पुडी आणि मुलाने घेऊन दिलेला मोबाइल, एवढा सगळा ऐवज त्या डाव्या बाजूला खोचून ठेवत. फोन वाजला की आधी रुमाल निघायचा, मग डबी, मग किल्ल्या. तोवर पलीकडचा माणूस कंटाळलेला असायचा. मी एकदा त्यांना छोटी पर्स घ्यायला सुचवलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "पर्स मानूस इसरतं. छाती घरी इसरून कोन जातंय?"

मावशी मूळच्या गव्हाणच्या. उमेदीची वर्षं मिठागरावर गेली, मग जमीनही गेली आणि मुलाने नवीन पनवेलला घर घेतलं. पण गावात लग्न ठरलं की गाडी त्यांना न्यायला यायची, कारण त्या धवलारीण होत्या. आगरी लग्नात हळदीपासून प्रत्येक विधी गाण्यांनी पुढे नेणारी बाई म्हणजे धवलारीण, आणि ती गाणी म्हणजे धवले. मी पुण्याची, नोकरी संपवून इथे राहायला आलेली. भिंतीपलीकडून त्यांचा धवला पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला वाटलं, सासू-सुनेचं वाजलं. हे सांगितल्यावर मावशी पोट धरधरून हसल्या. "धवला पोटातून येतो, बाई. गल्यातून येतं ते शिनेमाचं." सून प्रणाली तर त्यांच्यापुढे मोठ्याने बोलतसुद्धा नसे.

एका दुपारी त्या आल्या, दार लावून घेतलं आणि हळूच विचारलं, तुम्ही बॉडी कुठून घेता? मला आधी कळेचना, कुणाची बॉडी. मग उलगडा झाला, बॉडी म्हणजे ब्रा. पुतण्याच्या मुलीची हळद महिन्यावर आली होती. ती पोर त्यांच्याच मांडीवर वाढलेली. आणि मावशींना घट्ट बॉडीत श्वास भरता येत नव्हता, ढिली घातली तर सगळं खाली घसरत होतं. मागच्या लग्नात म्हणे त्या धवला अर्ध्यात सोडून उठल्या होत्या आणि चक्कर आल्याची थाप मारली होती. "या टायमाला आवाज अडला तर दुसरीला बसवतील," त्या म्हणाल्या. त्यांचे डोळे भरलेले मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले.

विचारलं कुणाला, तर मला! माझ्या पहिल्या खरेदीच्या वेळी दुकानदाराने एक नजर टाकून "छत्तीस" म्हटलं होतं आणि वर्तमानपत्रात गुंडाळून पुडकं दिलं होतं. त्यानंतर दोन बाळंतपणं झाली, पाळी गेली, वजन वाढलं, पण आकडा तोच. कुणी मोजलं नाही आणि मोजायचं असतं हे मलाही कुणी सांगितलं नाही. संध्याकाळी घरी आल्यावर हुक काढला की जो सुटकेचा श्वास यायचा, त्यालाच मी आराम समजत होते.

पनवेलच्या बाजारात आम्ही दोघी हिंडलो. पहिल्या दुकानातल्या गृहस्थांनी मावशींकडे बघून चाळीस सांगितलं, दुसऱ्यांनी बेचाळीस. तिसऱ्या दुकानात टेप घेतलेली मुलगी होती. तिने आकड्यापुढे इंग्रजी अक्षरही असतं असं सांगितलं आणि पडद्याआड चला म्हणाली. मावशी ताडकन बाहेर आल्या. माझ्या डोक्यात मात्र अक्षरं आणि आकडे यांची खिचडी झाली. पुढच्या आणि मागच्या मापाचा काय संबंध, ते आजतागायत माझ्या गळी उतरलेलं नाही.

मग मी घरीच मोजायचं ठरवलं. आतलं सामान काढा म्हटलं तर मावशी ऐकेनात. शेवटी किल्ल्या, डबी, मोबाइल, सगळ्यासकट टेप फिरवली आणि त्या मापाची बॉडी माझ्या मोबाइलवरून मागवली. आली ती उशीच्या अभ्र्यासारखी. दुसरी मागवली, ती उजवीकडे काचे आणि डावीकडे हवा. मी चक्रावून गेले. कंपनीला शिव्या घातल्या, परत पाठवते म्हणाले.

मावशींनी माझा हात धरला. पोलक्यातून एकेक वस्तू काढून टेबलावर मांडली. सगळं काढून झालं तेव्हा डावी बाजू सपाट होती.

"हिकडं काय नाय, बाई. कापलेला हाय," त्या म्हणाल्या.

मुलाचं लग्न व्हायच्या आधीची गोष्ट. नवऱ्याने मुंबईला नेऊन ऑपरेशन करून आणलं आणि घरात, गावात पोटाचं म्हणून सांगितलं. आता नवराही नव्हता. मी म्हटलं, निदान प्रणालीला सांगा. त्यांनी मान हलवली. "नको. उनी बाई मांडवात कशाला, असा कोनी बोलला तर मना झेपायचा नाय." उण्या अंगाच्या बाईने मांडवात गाऊ नये असा काही नियम आहे का, की ही त्यांचीच भीती, मला कळलं नाही. पण कुणाला सांगणार नाही, असं मी कबूल केलं.

त्यांनी काय काय करून पाहिलं होतं! आधी मिठाची पुरचुंडी. मिठागरावरची बाई दुसरं काय घेणार? पण घामाने मीठ पाझरलं. मग तांदूळ, त्याला किडे झाले. मग किल्ल्या आणि डबी. आम्ही मोहरी घेतली. मोहरी गार राहते, अंगाबरोबर हलते आणि हवं तसं वजन देते. मी मऊ धोतराची पुरचुंडी शिवली. पुढे हुक असलेली, रुंद पट्ट्यांची सुती बॉडी आणली आणि तिला आतून खिसा लावला. ती घालून मावशी माझ्या स्वयंपाकघरात उभ्या राहिल्या, डोळे मिटले आणि धवला धरला. एका श्वासात कडवं संपलं तेव्हा मलाच रडू कोसळलं.

हळदीला मी गव्हाणला गेले. मांडवात मावशी ताठ बसल्या होत्या आणि गाणं मोकळं चाललं होतं. किल्ल्या कमरेला लटकत होत्या. पोरगी पाया पडायला वाकली तेव्हा त्यांनी तिला घट्ट छातीशी धरलं. त्यानंतर पुढची सगळी लग्नं त्यांनी तशीच गायली.

यंदा उन्हाळ्यात तापाचं निमित्त झालं आणि मावशी गेल्या. दिवसकार्य झाल्यावर प्रणाली माझ्याकडे आली. तिच्या हातात ती पुरचुंडी होती. आईंच्या उशीखाली सापडली म्हणाली. पांढरी चिंधी, आत मोहरी. तिचा चेहरा उतरला होता.

"काकू, करणी हाय ही. गावातल्या दुसऱ्या धवलारणीनंच केली. मी तिला जाऊन इचारनार."

मी गोंधळले. गप्प बसले तर त्या बिचारीवर आळ, बोलले तर मावशींना दिलेला शब्द मोडतो.

"अगं, ती मी शिवून दिली होती," मी म्हटलं. "त्यांच्या आवाजासाठी. गाताना अडू नये म्हणून."

प्रणालीने पुरचुंडी कपाळाला लावली आणि पदरात बांधून घेऊन गेली. मला वाटलं, देव्हाऱ्यात ठेवील.

परवा गव्हाणला एका हळदीला गेले होते. गायला बसण्याआधी प्रणालीने ती पुरचुंडी नव्या धवलारणीच्या हातात दिली. ही आमच्या आईंची, आवाज अडत नाही म्हणाली, डाव्या बाजूला ठेवायची. त्या बाईने ती डोळ्यांना लावली, भक्तिभावाने पोलक्यात खोचली आणि धवला सुरू केला. तिचा आवाज पोटातून येत होता.