रशीदची कोंबडी आणि इरमचं प्रथिन

उचगावच्या रशीदच्या शेडला माझं शेत लागून. कोंबडी आजारी पडली की हा तिला मांडीवर घेऊन बसायचा. बायको नजीरा म्हणायची, "मला ताप आला तर एवढं बसत न्हाईत." पंधरा वर्षांपूर्वी शेडमध्ये विषाणू शिरला आणि चार दिवसांत सहाशे कोंबडी गेली. तेव्हापासून त्याच्यासमोर त्या रोगाचं नाव काढायची चोरी.

आता गंमत बघा. त्याची पोरगी इरम विद्यापीठात संशोधनाला लागली, तीही त्याच जातीच्या विषाणूवर. बापाला कळलं तर संशोधन बंद, हे तिला पक्कं ठाऊक. म्हणून "कोंबडीच्या प्रोटीनवर काम हाय," एवढंच बोलली. रशीदनं लगेच आपल्या अंड्यांच्या दुकानावर पाटी लावली : 'संशोधकाच्या घरची अंडी.' चार वर्षं खप जोरात.

पीएचडीची शेवटची मुलाखत खुली असते, कुणीही जाऊन बसावं. रशीद मला घेऊन गेला. परीक्षकांसाठी मांडीवर अंड्यांचा ट्रे. इरमनं पडद्यावर विषाणूचं नाव दाखवलं आणि ट्रे हलला.

मला कळलं ते असं. पेशीत प्रथिनांना चिठ्ठ्या चिकटवणारे कारकून असतात. चिठ्ठी लागली की प्रथिनाचं काम बदलतं. विषाणूचं एक प्रथिन त्या कारकुनालाच अडकवून ठेवतं. कॅन्सरच्या पेशीत असल्या चिठ्ठ्यांचा सुळसुळाट. इरमनं विषाणू बाजूला ठेवला, नुसतं ते प्रथिन आत सोडलं, आणि काचेच्या बशीतल्या त्या कॅन्सरच्या पेशींची वाढ मंदावली. आमच्या ग्रामपंचायतीतल्या कारकून बाळासोला मी चहाला नेऊन गप्पा मारत बसलो की गावाचे दाखले थांबतात, तसंच.

"श्रोत्यांपैकी कुणाचा प्रश्न?" परीक्षकांनी विचारलं. रशीद उठला. इरमनं टेबलाची कड धरली.

"एवढं समदं कळतंय, तर माझी कोंबडी मरताना कुठं गेलतीस?"

"अब्बा, तवा मी सातवीत होतो. मेलेली कोंबडी तुमच्यासंगट मीच पुरली की. तवाच ठरवलं, ह्यो आत शिरून करतोय काय ते बघायचं."

"मग चार वर्षं लपवलंस का?"

"तुम्ही काम बंद केलं असतं."

रशीदनं थोडा विचार केला. "केलंच असतं," म्हणाला आणि बसला.

इरम डॉक्टर झाली. ट्रे परीक्षकांनी नेला.

दुसऱ्या दिवशी दुकानावर गेलो. पाटी तशीच. गिऱ्हाईक विचारत होतं, पोरीनं नेमकं काय शोधलं?

"कोंबडीचं प्रोटीन," रशीद म्हणाला. मग माझ्याकडं वाकून हळूच, "आण्णा, आता मी लपवतोय."